ओठ जुळण्याचा आठवडा

१० मार्च

आज वर्गात गर्भाचा चेहरा घेतला. वर्षभरातला हा माझा सगळ्यात लाडका तास. प्लॅस्टिसीनचे पाच गोळे टेबलावर मांडायचे, एक वरचा कपाळाचा, दोन बाजूंचे गालांचे, दोन खालचे हनुवटीचे, आणि मुलांना सांगायचं, बाबांनो, आरशासमोर उभं राहून एवढा भाव खाता, तो चेहरा सुरुवातीला हा एवढाच असतो. मग गालांचे गोळे हळूहळू मधे सरकवत आणायचे, नाकाखाली जुळवायचे आणि अंगठ्याने शिवण पुसून टाकायची. नाक आणि ओठ यांच्यामधे जी पन्हाळ असते, तिच्या दोन कडा म्हणजे त्या जुळणीची खूण. एवढं म्हटलं की सगळा वर्ग आपापल्या ओठाच्या वर बोट फिरवून बघतो. मला तेव्हा फार बरं वाटतं.

मग एका बाजूची जुळणी राहून गेली तर काय होतं ते सांगितलं. दुभंगलेला ओठ. स्लाइड दाखवली, पुढे गेले.

तास संपवून स्टाफरूममध्ये आले तर फोनवर लेकीचे मिस्ड कॉलच मिस्ड कॉल. आज तिची पाचव्या महिन्याची सोनोग्राफी होती. फोन लावला तर आधी नुसता श्वास ऐकू आला.

"आई, बाळाच्या ओठाला फट आहे म्हणतात. डाव्या बाजूला."

आणि मी, तिची जन्मदाती, काय म्हणाले असेन? म्हणाले, "एकाच बाजूला की दोन्ही?"

आमच्या या लेकीला आम्ही भिंगरी म्हणतो, लहानपणी एका जागी बसायचीच नाही म्हणून. ती आज एका जागी बसून रडत होती. गेल्या महिन्यात जिन्यात पाय घसरला होता, त्याने तर नाही ना झालं, म्हणून सारखं विचारत होती. मी म्हटलं, "छे गं! ओठ सहाव्या आठवड्यात जुळतो, फार तर सातव्या. जे व्हायचं ते तेव्हाच होऊन गेलेलं असतं. त्यानंतर तू डोक्यावर उभी राहिली असतीस तरी काही फरक पडला नसता."

"सहाव्या?"

"सहाव्या-सातव्या."

"बरं," म्हणाली, आणि रडायची थांबली. चला, जिन्याचं खूळ तरी तिच्या डोक्यातून काढलं. आपल्या विषयाचा आपल्या माणसाला एकदा तरी उपयोग झाला.

घरी येऊन सगळं यांना सांगितलं. चष्म्याचं दुकान बंद केल्यापासून हे दिवसभर घरातली प्रत्येक काच पुसत असतात. पुसता पुसता म्हणाले, "तू तिच्याशी बोलत होतीस की तास घेत होतीस?"

मी रागावून आत निघून गेले आणि नळ सोडून रडले. इथे लिहून टाकते, कोण बघतंय.

१२ मार्च

भिंगरीचा फोन. आज आवाज बरा होता. आठवडे कुठून मोजतात ते विचारलं. म्हटलं, "तुझ्या डॉक्टरणीने फाइलवर लिहून दिलेत ना, तेच." मग ओठ आधी जुळतो की तोंडातली टाळू, हे विचारलं. ओठ आधी, टाळू त्याच्या मागून, असं मी तिला नीट समजावून सांगितलं. शाळेत असताना माझी पुस्तकं उघडली की नाक धरून पळायची ही मुलगी. म्हणायची, तुझ्या पुस्तकातली बाळं बेडकासारखी दिसतात. आणि आता इतक्या वर्षांनी माझ्या विषयात रस! यांना मोठ्या कौतुकाने सांगितलं. हे खिडकीची काच पुसत राहिले.

१५ मार्च

भिंगरी दुपारी येऊन गेली. जेमतेम तासभर. आल्या आल्या विचारलं, गेल्या वर्षीचं कॅलेंडर कुठे आहे. ते केव्हाच रद्दीत गेलं. तिचं तोंड एवढंसं झालं. फोनवर दिसतात की तारखा, म्हटलं, तर म्हणाली की त्यावर तू खुणा केलेल्या नसतात ना, कोण कधी आलं-गेलं त्याच्या. गरोदरपणात माणसाला काय हवंसं वाटेल सांगता येत नाही. मला चुना खावासा वाटायचा.

२ एप्रिल

आज तिला आणि जावयांना घेऊन प्लास्टिक सर्जनकडे गेले. हा गृहस्थ माझाच जुना विद्यार्थी. गर्भाच्या मानेपाशी माशाच्या कल्ल्यांसारखे पट्टे असतात, त्यांना आम्ही कंस म्हणतो. पहिल्या कंसातून जबडा येतो, शेवटच्यातून स्वरयंत्र. या पठ्ठ्याने पेपरात जबडा शेवटच्या कंसातून काढला होता आणि मी शेरा मारला होता, "हा माणूस गळ्याने चावणार." आज त्याच्यासमोर खुर्चीत हात जोडून बसायची वेळ आली.

पण काय छान बोलला! कागद-पेन घेतलं नाही, एक आकृती काढली नाही. भिंगरीकडे बघून म्हणाला, बाळ तीन महिन्यांचं झालं की ओठ शिवू. टाळूही उघडी असली तर ती वर्षाच्या आसपास. तोवर आपल्याला एकच काम, बाळाचं वजन वाढवायचं. त्यासाठी वेगळी बाटली मिळते, पिळता येते ती, कारण अशा बाळांना नीट ओढता येत नाही. मग म्हणाला, "मी अशी पुष्कळ बाळं पाहिलीत. ती फार लवकर हसायला लागतात." हे कुठल्या पुस्तकात आहे, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. गिळलं.

जावई सबंध वेळ मूग गिळून बसले होते. त्यांचं स्वतःचं औषधाचं दुकान आहे. एरवी कुठल्याही गोळीचं नाव निघालं की तिचा खानदानी इतिहास सांगतात. आज एक अक्षर नाही. निघताना फक्त विचारलं, "डॉक्टर, हे कशामुळे होतं?" त्याने काही उत्तर द्यायच्या आत भिंगरी उठली आणि म्हणाली, "चला, उशीर होतोय." कसला उशीर? कुठेही जायचं नव्हतं.

१९ एप्रिल

कॉलेजच्या म्युझियममध्ये, गर्भांच्या बरण्यांपाशी, पहिल्या वर्षाची बॅच. पुढच्या बाकावरच्या एका चुणचुणीत मुलीने बरणीवरची पट्टी वाचून विचारलं, "मॅडम, यावर सहा आठवडे लिहिलंय आणि याला डोळे, नाकपुड्या सगळं दिसतंय. माझ्या वहिनीच्या सोनोग्राफीत सहाव्या आठवड्याला नुसता एक ठिपका होता."

दरवर्षी कोणीतरी हा गोंधळ घालतंच. सांगितलं, बाई गं, दवाखान्यातले आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात, कारण बाईला तेवढीच तारीख ठाऊक असते. आपण गर्भ राहिल्यापासून मोजतो. आपला सहावा म्हणजे त्यांचा आठवा. आपल्या बरण्यांना पाळी येत नाही. वर्ग खो खो हसला. हा विनोद मी नोकरीला लागल्यापासून करत आलेय, अजून चालतो.

११ मे

परीक्षा. पेपर तपासून मान अवघडली. एकाने लिहिलंय की थायरॉइड ग्रंथी जिभेच्या मुळाशी जन्मते आणि मग "फिरत फिरत" गळ्यात येते, जशी काही सहलीला निघालीय. पण चूक म्हणता येत नाही, अर्धा मार्क दिला.

६ जून

भिंगरी आजपासून इकडेच. सर्जनचा दवाखाना आमच्या घरापासून जवळ, असं ती म्हणाली. तिच्या घरून फार तर अर्धा तास जास्त लागतो. पण मी कशाला नको म्हणू? तिची खोली झाडून ठेवली. जावई सामान पोचवायला आले, पिशव्या दारात ठेवल्या, पाणी प्यायले आणि गेले. ती खिडकीशी पाठ करून उभी होती.

"भांडलात का?" म्हटलं.

"नाही."

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. भांडणात आवाज तरी होतो.

२४ जुलै

मुलगी झाली! दोघी सुखरूप. सकाळी, दहाच्या सुमाराला.

आता खरं लिहिते. परिचारिका दुपट्यात गुंडाळून घेऊन आली तेव्हा मी आधी तिचे पाय बघितले. मग हाताची बोटं. मग कान. चेहऱ्याकडे बघायचा धीर होईना. आयुष्यभर हा चेहरा मुलांना पडद्यावर भला मोठा करून दाखवला आणि माझ्या नातीचा एवढासा चेहरा बघायला मला खुर्ची लागली. मग बघितलं. डावीकडे ओठापासून नाकपुडीपर्यंत फट, नाकपुडी जराशी फेंदारलेली. डॉक्टरांनी बोट घालून पाहिलं, टाळूही उघडी आहे. डोळे मात्र असे टपोरे की बाकी काही बघायला फुरसतच देत नाहीत. माझ्याकडे बघून तिने जांभई दिली. तोंडापेक्षा मोठी जांभई!

हे म्हणाले, "बाईसाहेबांना आपला कंटाळा आला." तेच नाव पडलं. बाईसाहेब.

जावई दाराशी उभे होते. मी म्हटलं, "या ना, घ्या." तर दोन पावलं मागे सरले. म्हणाले, बाहेरून आलोय, हात धुतलेले नाहीत. मग हात धुवायला गेले ते परत आलेच नाहीत.

२ ऑगस्ट

दूध, दूध आणि दूध. भिंगरी यंत्राने दूध काढते, बाटलीत भरते. मग बाईसाहेबांना मांडीवर जवळजवळ उभं धरायचं आणि त्या गिळतील तसं बाटली हळूच दाबायची. जोरात दाबली की दूध नाकातून बाहेर. हळू दाबली की त्या संतापतात. एक पाजणं संपतं तोवर दुसऱ्याची वेळ होते. आज वजन वाढलं, थोडंसंच, पण वाढलं. हे वजनाच्या काट्याची काचसुद्धा पुसून आले.

मला मात्र एकीकडे शाळेतल्या पोरीसारखं वाटतंय. टाळू उघडी असली की ओढ का लागत नाही, हे मी फळ्यावर शेकडो वेळा काढलंय. आज माझ्या बोटांना ते पहिल्यांदा कळलं.

१० ऑगस्ट

रविवार. दर रविवारप्रमाणे जावई आले. प्रत्येक वेळी नवीन काहीतरी आणतात. कुठून कुठून शोधून आणलेली दुधाच्या बाटलीची रबरी बुचं, वेगवेगळ्या भोकांची, एक मऊ, एक लांब, एक बाहेरून मागवलेलं. टेबलावर ओळीने मांडतात, कुठलं कसं वापरायचं ते माझ्याकडे बघत सांगतात, बायकोकडे बघत नाहीत. आणि दारातच उभे राहतात. बाळाला घेत नाहीत. बाळ अजून एकदाही त्यांच्या हातात गेलेलं नाही!

माझ्या नाकावर राग बसलाय तो उठायला तयार नाही. स्वतःच्या मुलीच्या चेहऱ्याची लाज वाटते की काय या माणसाला? हे म्हणतात, "लाज वाटणारा माणूस पाच पाच बुचं शोधत फिरत नाही." यांना सगळ्यांचंच भलं दिसतं.

२१ ऑगस्ट

शेजारीण बघायला आली आणि दारातूनच "अगं बाई" म्हणाली. भिंगरी बाळाला घेऊन आत गेली ती संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही. मी शेजारणीला चहा दिला. साखर घातली नाही. एवढंच करू शकले.

७ सप्टेंबर

आज पुन्हा रविवार, पुन्हा तेच. जावई आले, उभे राहिले, गेले. जाताना मला हळूच म्हणाले, "आई, ऑपरेशनच्या दिवशी मी आलेलं तिला चालेल का, तेवढं विचाराल?" बापाने विचारायचा प्रश्न आहे का हा!

ते गेल्यावर मी भिंगरीला फैलावर घेतलं. बाईसाहेब तिच्या खांद्यावर ढेकर द्यायच्या बेतात होत्या. म्हटलं, "ऑपरेशन झालं की आपल्या घरी जा. मला तू जड झालेली नाहीस, पण त्या माणसाला असं टांगून ठेवू नकोस."

"मी जाणारच नाहीये," ती म्हणाली. अगदी शांतपणे.

"म्हणजे?"

"म्हणजे नाही जाणार. मी त्याला मोठ्या मनाने माफ वगैरे करायला बघितलं, आई. नाही होत. तिला दूध पाजायला बसले की ते नाकातून येतं आणि मला त्या गोळ्या दिसतात."

"कुठल्या गोळ्या?"

मग सगळं बाहेर आलं. तिच्या अंगावर पित्त उठलं होतं, लाल गांधीच गांधी. जावयांनी दुकानातून गोळ्या आणून दिल्या. कोणाला विचारलं नाही. तिला दिवस गेलेत हे तेव्हा दोघांनाही माहीत नव्हतं. पाच दिवस घेतल्या, गांधी गेल्या, ती विसरून गेली.

"आणि नोव्हेंबरच्या शेवटी, आई. मी मोजलं. बरोब्बर सहावा आठवडा. तूच तर सांगितलंस त्या दिवशी, जे व्हायचं ते तेव्हाच होतं. त्याच दिवशी घरी जाऊन मोजलं मी. तारीख पक्की करायलाच तुझं कॅलेंडर मागितलं, गांधी उठल्या त्याच्या आदल्या दिवशी मी इथे येऊन गेले होते."

 मार्चपासून ही मुलगी हे घेऊन बसलीय आणि मी विषयातला रस म्हणून मिरवत होते!

आणि मग एकदम डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "भिंगरे, सहावा कोणाचा? फाइलवरचा?"

"मग कोणाचा?"

"अगं, तो दवाखान्याचा सहावा! मी सांगितला तो आमचा. आमचे आठवडे गर्भ राहिल्यापासून. तुझ्या फाइलवर तो आठवा, नववा होतो. डिसेंबरच्या मध्यावर. नोव्हेंबरच्या शेवटी ओठाचा अजून पत्ता नसतो. तुझ्या गोळ्या केव्हाच संपल्या होत्या तोवर!"

आणि हे मी दरवर्षी शिकवते. एप्रिलमध्ये त्या चुणचुणीत पोरीला हसत हसत सांगितलं आणि घरी येऊन लेकीच्या हाती चुकीचे आठवडे तसेच राहू दिले. वर "फाइलवर लिहिलेत तेच" असं मीच बजावलेलं! वर्गातल्या पोराने ही चूक केली असती तर मी त्याला उभं केलं असतं.

पण तेव्हा मला एवढंच वाटत होतं की सुटलो. माझा जीव भांड्यात पडला. बाईसाहेबांनीही त्याच क्षणी दणदणीत ढेकर दिली. मी हसायला लागले.

भिंगरी हसली नाही. ती मोजत होती.

"डिसेंबरच्या मध्यावर," ती म्हणाली, "मी इथे होते."

मला आधी कळलंच नाही.

"तू बाथरूममध्ये पडलीस, हात मोडला, आणि मी आले. दोन आठवडे. मला नुकतंच कळलं होतं. तुला सांगितलं नाही, सांगितलं असतं तर तू परत पाठवलं असतंस. अन्न बघवत नव्हतं. दिवसदिवस काही खायचे नाही, तुला उचलायचे, बसवायचे. एकदा अंगात तापही होता." तिचा आवाज बारीक होत गेला. "म्हणजे ते."

त्या दिवसांत मी तिला काय म्हणाले होते ते मला आठवलं. म्हणाले होते, हल्ली आळशी झालीस, सारखी पडून काय असतेस.

 पलंगावर बसले. तिच्या चेहऱ्यावर पुन्हा तेच मोजणं सुरू होताना दिसत होतं, फक्त या वेळी गोळ्यांच्या जागी माझा हात, माझं बाथरूम. आणि ते सगळं ती स्वतःच्याच अंगावर ओढून घेणार, हेही दिसत होतं. मी म्हटलं, "माझ्यावर ढकल."

"काय?"

"ढकल माझ्यावर. मीच पडले ना? माझ्यापायी तू उपाशी राहिलीस. जावयांवरचं काढ, स्वतःवर घेऊ नकोस, सगळं माझ्यावर टाक. मी तुझी आई आहे. माझ्यावर राग धरलास तरी आपलं तुटत नाही. ते दोन आठवडे माझ्या नावावर लिही आणि तू आपल्या घरी जा."

तिने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.  मग म्हणाली, "आई, काहीतरीच काय बोलतेस? तुझा हात मोडला म्हणून माझ्या बाळाचा ओठ कसा दुभंगेल?"

"मग गोळ्यांनी तरी कसा दुभंगला?"

"ते तू सांग. तुझा विषय आहे. कशाने दुभंगतो?"

आणि मी तोंड उघडलं. तोंडात सगळं तयार होतं. पेशी कुठून निघतात, कुठे पोचतात, कुठे पोचायच्या राहतात. कुठे आणि केव्हा, हे मला झोपेतही सांगता येतं. तिने ते विचारलंच नव्हतं.

"माहीत नाही," मी म्हटलं.

"तुला माहीत नाही?"

"नाही. कधी घराण्यातून येतं, काही औषधांनी होतं, ती औषधं ही नव्हेत. बहुतेक वेळा नुसतं होतं. आम्हाला वेळ माहीत आहे गं, कारण माहीत नाही. कोणालाच नाही."

तिने बाळाला पलंगावर ठेवलं आणि रडायला लागली. रडता रडता मधेच मला एक गुद्दा मारला, लहानपणी मारायची तसा, दंडावर. "हे पहिल्या दिवशी सांगायला काय झालं होतं तुला?"

काय सांगणार? माहीत नाही म्हणणं म्हणजे काहीच न देणं, असं मला वाटायचं. लेक रडतेय आणि मी रिकाम्या हाताने कशी जाऊ? म्हणून मी तिला एक आठवडा दिला. तिने तो सहा महिने उराशी धरला.

८ सप्टेंबर

कॉलेजला रजा टाकली. भिंगरी दुपारी गाढ झोपली. मी आणि बाईसाहेब जाग्या. त्यांनी आज अख्खी बाटली संपवली आणि नंतर माझ्याकडे बघून हसल्या. आधी वाटलं, वारा असेल पोटात. नाही, हसल्याच. त्या दुभंगलेल्या ओठाचं हसू चांगलं ऐसपैस असतं, पार गालांपर्यंत जातं. सर्जन खरं बोलला होता. पुढच्या महिन्यात तो हा ओठ शिवणार आणि हे हसू जाणार, याचं मला आज थोडं वाईट वाटलं. असं वाटेल असं कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर काढलं असतं.

१४ सप्टेंबर

रविवार. जावई आले. या वेळी बुचं नव्हती, बहुतेक बाजारातली संपली. नेहमीप्रमाणे दारात उभे राहिले.

"आत ये," भिंगरी म्हणाली.

ते आत आले. मी स्वयंपाकघरात जायला निघाले तर तिने माझा हात धरून बसवलं. मग तिने सगळं सांगितलं, गोळ्या, आठवडे, माझी मोजणी, दवाखान्याची मोजणी. मी मधे बोलणार नाही असं यांना वचन दिलं होतं, ते पाळलं. फार जड गेलं.

जावई खाली बघत ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "मी पण मोजलं होतं."

"कधी?"

"त्याच दिवशी. तू फोनवर बोलत होतीस आईंशी. सहावा आठवडा म्हणालीस. मी दुकानात गेलो आणि मोजलं. बिलांवर तारीख होती गोळ्यांची." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "तुला कळलंय की नाही, ते मला कळत नव्हतं. कळलं नसेल तर मी सांगायला हवं होतं. सांगवलं नाही. आणि हिला हातात घ्यायला गेलो की वाटायचं, मी कुठल्या तोंडाने घेऊ?"

म्हणजे दोघंही एकाच आठवड्यात बसून होते इतके महिने, एकमेकांना न सांगता. आणि मी बाहेरून त्या माणसाला लाज वाटते म्हणून शिव्या घालत होते. माझं मला तोंड लपवावंसं वाटलं.

"गोळ्या नव्हेत," भिंगरी म्हणाली. "तेव्हा ओठ नव्हताच तिला अजून."

"मग कशाने झालं?" त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं. डोळे भरलेले होते. दिवसभर माणसांना ह्या दुखण्यावर ही गोळी असं सांगणारा माणूस, त्याला काहीतरी उत्तर हवंच होतं.

"माहीत नाही," आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

"खरंच?"

"खरंच," मी म्हटलं.

ते रडले, हमसून हमसून, आमच्यासमोर, न लाजता. हे हातातलं फडकं घेऊन दारातच थबकले. बाईसाहेब आवाजाने जाग्या झाल्या आणि कोण एवढा गोंधळ घालतंय म्हणून डोळे मोठे करून बघायला लागल्या.

जावई उठले. बेसिनवर जाऊन साबण लावून दोन्ही हात कोपरापर्यंत धुतले, शर्टाला पुसले, आणि बायकोसमोर येऊन पुढे केले.

"मानेखाली हात घाल," भिंगरी म्हणाली, आणि लेक त्यांच्याकडे दिली.